बांगड्या कुणालाच फोडायच्या नव्हत्या

जास्वंद

बाबांना जाऊन पाच वर्षं झाली. परवा त्यांच्या श्राद्धाला गावी गेले होते. जेवणं आटोपली, पुरुषमंडळी ओसरीवर पान खात बसली आणि आम्ही बायका मागच्या पडवीत भांडी विसळायला घेतली. मध्येच थोरली काकू म्हणाली, "त्या दिवशी तुझ्या आईच्या बांगड्या फोडताना माझा हात उठत नव्हता गं."

आत्या तिथंच बसली होती. ती म्हणाली, "मग फोडल्यास कशाला? मी तर तुझ्याकडे बघत होते. तू थांबली असतीस तर मी तुझ्या बाजूनं उभी राहिले असते."

काकू म्हणाली, "मी शेजारच्या आक्कांकडे बघत होते. त्याच म्हणाल्या ना, चला, उशीर होतोय."

आक्का स्वतः विधवा. वय ऐंशीच्या आसपास. त्याही त्या दिवशी जेवायला होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "माझ्यावर झालं तेव्हा मी आठवडाभर हात पदराखाली लपवून बसले होते. मला कशाला हवं असेल? पण तुम्ही सगळ्या वाट बघत उभ्या होतात. मला वाटलं मोठी म्हणून मीच सांगायला हवं."

आई कोपऱ्यात ताटं पुसत होती. ती एवढंच बोलली, "मला वाटलं तुम्हा सगळ्यांना हवंय. म्हणून हात पुढे केला."

तेव्हापासून मला नीट झोप नाही. मी स्वतः तिथे होते. पदव्युत्तर शिक्षण झालेली, पुण्यात नोकरी करणारी, या विषयावर कॉलेजात भाषण करून बक्षीस मिळवलेली. आईचं कुंकू पुसलं जाताना मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले आणि एक शब्द बोलले नाही. मनात एवढंच चाललं होतं, की आधीच घरावर दुःख कोसळलंय, त्यात माझ्यामुळे आईला चारचौघांत बोल लागायला नको.

पाच बायका होत्या आणि पाचहीजणींना ते नको होतं. मग ते केलं कुणी?

मला सांत्वन नको आहे. असं तुमच्याकडे कधी घडलंय का, आणि कुठे अडवता आलंय का, हे मनापासून वाचायचं आहे.

---

शुभदा_नगर

आईला माझा नमस्कार सांग. वाचून डोळे भरून आले. "मी तुझ्याकडे बघत होते" हे वाक्य माझ्याही घरातलं आहे, फक्त प्रसंग वेगळा. आज लिहवत नाही.

---

समुद्रवारा

आमच्याकडे हे गावकीच्या नावाने चालतं. जिल्हा रत्नागिरी, गावाचं नाव लिहीत नाही.

मी सातवीत असताना वडिलांनी वाटेच्या वादात गावकीचा निवाडा मानला नाही आणि ते तहसील कचेरीत गेले. चार दिवसांनी बैठक बसली आणि आम्हाला वाळीत टाकलं. आमच्याशी जो बोलेल त्याला दंड. दुकानातून सामान नाही, दळण नाही, कुणाच्या लग्नाचं आमंत्रण नाही. हे सगळं आम्ही सोसलं असतं. लागलं ते शिमग्यात. पालखी वाडीतल्या प्रत्येक घराच्या अंगणात नाचली आणि आमचं अंगण सोडून पुढे गेली. आजीने सकाळी सारवून रांगोळी घातली होती, ओटी भरायला नारळ काढून ठेवला होता. ढोल लांब गेल्यावर तिने तो नारळ परत फडताळात ठेवला. कोकणाबाहेरच्यांना यातलं दुःख कळणं कठीण आहे. देव घरी आला नाही, म्हणजे तुम्ही गावाचे राहिला नाहीत.

पुढच्या वर्षी आजी गेली. तिरडी उचलायला माणसं नव्हती. मुंबईहून काका आणि त्यांच्या चाळीतले चौघे येईपर्यंत वडील ओट्यावर बसून राहिले.

जास्वंद, तुझं लिखाण वाचून जे आठवलं ते सांगतो. त्या दोन वर्षांत आमच्या मागच्या दाराला रात्री थाप पडायची. कुणी मासळी आणून द्यायचं, कुणी पोह्यांची पिशवी. एकदा ज्याने बैठकीत सगळ्यात मोठ्याने आमच्याविरुद्ध बोलून दाखवलं होतं तोच आला, माझ्या हातात वह्या ठेवल्या आणि अंधारात निघून गेला. वडिलांनी पुढे हिशोब मांडला तेव्हा वाडीतल्या निम्म्याहून जास्त घरांतून काही ना काही आलेलं होतं. फक्त एका घराला दुसऱ्या घराचं माहीत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच चोरून जातोय.

---

वाटसरू

@समुद्रवारा, आता यावर कायदा आहे, हे धाग्यात नोंदवून ठेवतो. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आपल्या विधिमंडळाने 2016 मध्ये मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर 3 जुलै 2017 पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. त्याआधी मुंबई राज्यात 1949 चा एक कायदा होता, पण 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. म्हणजे मध्ये पन्नासेक वर्षं वाळीत टाकलेल्या माणसाच्या हातात या अन्यायासाठी खास असं काहीच नव्हतं.

---

समुद्रवारा

कायदा आला याचा आनंद आहे, आणि त्यामागे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींविरुद्ध घेतलेले कष्ट आहेत, ते विसरता कामा नये. पण साक्षीदार कुठून आणायचा? साक्ष देणाऱ्यालाही त्याच वाडीत राहायचं असतं. मागच्या दाराने वह्या देणारा माणूस पुढच्या दाराने पोलीस ठाण्यात येत नाही. मी त्याला वाईट म्हणत नाही. त्याच्या घरी दोन मुली लग्नाच्या होत्या.

---

मेघना_का

मी मानसशास्त्र शिकवते. या धाग्यावर प्रयोगांची माहिती देताना थोडा संकोच वाटतोय, कारण इथे माणसांनी आपली जखम उघडी केली आहे. तरी एक प्रयोग सांगते, कारण "मग ते केलं कुणी?" या प्रश्नाच्या तो फार जवळ जातो.

1951 मध्ये सॉलोमन अ‍ॅश यांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर तो केला. एका खोलीत सात-आठ मुलं. समोर दोन पत्ते. एकावर एक रेघ, दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन. पहिलीच्या लांबीची रेघ तिघींतली कोणती, एवढंच मोठ्याने सांगायचं. लहान पोरालाही जमेल असं काम. पण खोलीतला एकच मुलगा खरा होता. बाकीचे अ‍ॅश यांनी आधीच सांगून ठेवलेले. ते ठरावीक वेळी सगळे मिळून एकच चुकीचं उत्तर द्यायचे, आणि या बिचाऱ्याची पाळी शेवटी किंवा शेवटाच्या आधी.

एकटं असताना हे उत्तर जवळपास कुणाचंच चुकत नव्हतं. खोलीत मात्र साधारण तीन-चतुर्थांश मुलांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारी रेघ सोडून गटाची रेघ सांगितली. गट चुकीचं बोलला त्या फेऱ्यांतल्या उत्तरांपैकी सुमारे एक-तृतीयांश अशी गेली. नंतर विचारलं तेव्हा काहीजण म्हणाले, मला कळत होतं पण वेगळं पडायचं नव्हतं. काहींना तर खरोखरच वाटलं की आपली नजर चुकतेय.

बहुतेक लेख इथेच थांबतात आणि माणूस मेंढरू आहे असं म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही, कारण खरा अर्थ पुढच्या फेऱ्यांत आहे. अ‍ॅश यांनी खोलीत आणखी एक माणूस ठेवला आणि त्याला खरं उत्तर द्यायला सांगितलं. एकच. बाकी सगळे पूर्वीसारखेच चुकीचं बोलणारे. चुका जवळपास चौथ्या हिश्श्यावर आल्या. मग तोच सोबती मध्येच फुटून गटाला मिळाला, की चुका पुन्हा वाढल्या. आणि उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहून द्यायला सांगितलं, तेव्हाही चुका बऱ्याच कमी झाल्या.

जास्वंद, तुझ्या घरात मात्र प्रयोगापेक्षा अवघड गोष्ट घडली. तिथे निदान गट मुद्दाम खोटं बोलत होता. तुमच्याकडे गटच नव्हता. पाच जणी होत्या, आणि प्रत्येकीच्या मनात बाकी चौघींचा मिळून एक गट तयार झाला होता. याला शास्त्रात भारदस्त नाव आहे, पण आक्कांचं "तुम्ही सगळ्या वाट बघत उभ्या होतात" हे वाक्य त्या नावापेक्षा नेमकं आहे.

---

काळी_माती

माझं मत वेगळं आहे आणि ते मांडतो, राग मानू नका. गावाचा दबाव म्हटलं की सगळे वाईटच बोलतात. मी अहमदनगरचा (आता अहिल्यानगर). हिवरे बाजार आमच्यापासून लांब नाही. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते गाव दुष्काळाने आणि दारूने पोखरलेलं होतं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी, श्रमदान, हे गावाने मिळून ठरवलं आणि पाळलं. शेतीला बोअर घ्यायची नाही, उसासारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. आता सांगा, एकट्या शेतकऱ्याने मनावर घेऊन हे होतं का? शेजाऱ्याची बोअर चालू असताना मी माझी बंद ठेवीन का? गावाची नजर आहे म्हणून नियम टिकतो, आणि नियम टिकला म्हणून विहिरीला पाणी राहतं. नजर काढून घ्या, दोन वर्षांत गाव पुन्हा टँकरवर.

---

शुभदा_नगर

@काळी_माती, मीही त्याच जिल्ह्यातली, आणि तुमचं पाण्याबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण काल लिहवलं नव्हतं ते आता लिहिते.

हागणदारीमुक्तीच्या काळात 'गुड मॉर्निंग पथक' यायचं. पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना गाठायचं, गुलाबाचं फूल द्यायचं, फोटो काढायचे. हेतू उत्तम. आमच्या वस्तीवर माझ्या चुलत सासूला असं गाठलं. तिच्या घरी संडास बांधायला जागाच नव्हती, घर दुसऱ्याच्या बांधावर होतं. पथकात गावातल्याच बायका होत्या, शिट्ट्या वाजवणाऱ्या. मी होते त्यांच्यात. तिला बघून मी तोंड फिरवलं, पण शिट्टी वाजवायची थांबले नाही, कारण बाकीच्या वाजवत होत्या.

ती पुढे कितीतरी दिवस दुपारनंतर पाणीच पीत नव्हती. हे तिने मला फार नंतर सांगितलं. हिवरे बाजारात लोकांनी आधी ठरवलं आणि मग पाळलं. इथे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

---

काळी_माती

शुभदाताई, यावर मी वाद घालणार नाही. तुम्ही हे लिहिलंत त्याला धीर लागतो. ठरवताना माणूस बैठकीत होता का, हा फरक मी धरला नव्हता.

---

जुने_पुणे

रानड्यांची आठवण निघायला हवी असं वाटतं, कारण जास्वंद यांनी स्वतःला फार दोष लावून घेतला आहे.

ऑक्टोबर 1890. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि नंतर पाद्र्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. बोलावलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, शहरातले अनेक नामांकित होते. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता पेला हातात धरला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि ख्रिस्त्यांच्या हातचं घेतल्याबद्दल ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले. मंडळींच्या घरी श्राद्धपक्षाला ब्राह्मण मिळेनात, सासरी असलेल्या लेकींचं माहेरी येणं अडू लागलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. आणि रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतलं.

उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होतील एवढ्या योग्यतेचा माणूस, प्रार्थना समाजाचा आधारस्तंभ, चहाच्या एका पेल्यापायी. सुधारक मंडळी त्यांच्यावर भयंकर चिडली. त्यांच्या पत्नी रमाबाईंनाही ते पटलं नव्हतं, त्यांच्या आठवणींत ते आलं आहे. रानड्यांची बाजू अशी, की आपल्याबरोबरच्या मित्रांची घरं अडचणीत आहेत, आपण एकट्याने ताठ राहिलो तर भोगणार ते.

मला वर्षानुवर्षं हा प्रसंग त्यांच्या चरित्रातला डाग वाटायचा. आता तसा वाटत नाही. वेगळं पडण्याची किंमत आपल्या एकट्याच्या खिशातून जात नसते, हे त्यांना दिसत होतं. दाराची चौकट धरून उभ्या राहिलेल्या मुलीलाही नेमकं तेच दिसत होतं, "माझ्यामुळे आईला बोल लागायला नको."

दुसऱ्या बाजूला अण्णासाहेब कर्वे. 1893 मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केला. मुरूडला गेले तेव्हा गावाने बहिष्कार घातला. त्यांच्याबरोबर एका बैठकीवर बसायचं नाही, आणि आईवडिलांनी त्यांना घरात ठेवून घेतलं तर आईवडिलांवरही बहिष्कार. ज्या गावच्या कामासाठी त्यांनी आधीच निधी उभा केला होता, तेच गाव. कर्वे मागे हटले नाहीत. पण त्यांच्या शेजारी गोदूबाई होत्या, आणि गोदूबाईंचे भाऊ, कर्व्यांचे मित्र नरहरपंत जोशी होते. एकटे कर्वे आपण पुतळ्यात बघतो. प्रत्यक्षात त्या खोलीत खरी रेघ सांगणारे आणखी दोघे होते.

---

मास्तर_बीड

जिल्हा परिषदेच्या शाळेत एकवीस वर्षं शिकवतोय. "समजलं का?" असं विचारलं की अख्खा वर्ग "होऽऽ" म्हणतो. बरीच वर्षं मी त्या होकारावर पुढचा धडा घेत गेलो. आता तास संपताना चिठ्ठ्या घेतो, नाव लिहायचं नाही, न समजलेलं एक लिहायचं. पहिल्यांदा घेतल्या तेव्हा भागाकार म्हणजे काय हेच समजलं नाही असं एकापाठोपाठ एक चिठ्ठीत निघत गेलं. मी त्या मोठ्याने वाचून दाखवल्या. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, "तुला पण?" आता दोन-तीन पोरी सरळ हात वर करून सांगतात.

मेघनाताईंनी कागदावर लिहिण्याचं सांगितलं म्हणून हे आठवलं.

---

चंद्रभागा

मास्तरांची चिठ्ठी आणि आमची आडवी बाटली एकच आहेत.

माहिती नसेल त्यांच्यासाठी. गावातलं परवान्याचं दारू दुकान बंद करायचं असेल तर निदान पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्या पडताळल्या जातात आणि मग गुप्त मतदान होतं. चिन्हं दोन, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीतल्या सगळ्या बायकांच्या. म्हणजे जी घरी बसली ती आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला.

आमच्या गावात आधी ग्रामसभेत विषय काढला होता. हात वर करा म्हणाले. समोर सासरे बसलेले, मागे दुकानदार भिंतीला टेकून उभा, त्याच्या उधारीच्या वहीत निम्म्या गावाची नावं. मी हात वर केला, माझ्या जावेने केला, बाकी कुणी नाही. त्या रात्री वाटलं की गावाला दारू हवीच आहे, आपणच वेड्या.

मग सह्यांसाठी आम्ही घरोघर गेलो, दुपारच्या वेळी, पुरुष शेतात असताना. तेव्हा कळलं. चूल फुंकता फुंकता बायका सांगायच्या, "माझी सही घे, पण कुणी घेतली ते सांगू नको." मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या बायका काठी टेकत आल्या. निकाल लागला तेव्हा सभेत हात वर न करणाऱ्या बायकांनीच गुलाल उधळला.

गाव बदललं नव्हतं. विचारायची पद्धत बदलली होती. दुकान बंद झाल्यावर चोरून दारू येते, त्याच्याशी अजून भांडतोय, तो वेगळा धागा होईल.

---

पंचगंगा

शिरोळ तालुक्याच्या बाजूची आहे, म्हणून हेरवाडबद्दल लिहिते. मे 2022 मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात होणार नाही. त्याआधी कोरोनात घरोघर तरुण माणसं गेली होती. ठरावामागे करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांचा पाठपुरावा होता, आणि सरपंच सुरगोंडा पाटील यांनी तो गावापुढे ठेवला. महिन्याच्या आतच शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

ठराव झाला म्हणजे सगळं झालं असं नाही. माझ्या माहेरच्या गावानेही तसाच ठराव केला. तरी पुढच्याच मयतीला एक म्हातारी पुढे झाली. पण तेव्हा तिथे उभ्या असलेल्या एका अंगणवाडी सेविकेला नुसतं एवढंच म्हणता आलं, "मावशी, गावानं ठरवलंय ना?" "मला पटत नाही" असं म्हणायची वेळ तिच्यावर आली नाही. म्हातारीचाही मान राहिला. ती म्हणाली, "व्हय की, इसरलेच," आणि मागे सरली. मला वाटतं तिलाही सुटल्यासारखं झालं असेल.

जास्वंद, तुझ्या घरात त्या दिवशी हे वाक्य कुणाच्याच हाताशी नव्हतं. म्हणून तुम्ही गप्प राहिलात.

---

जास्वंद

तीन दिवस सगळं वाचतेय. काल रात्री आईला फोनवर वाचून दाखवलं, समुद्रवारा यांच्या आजीचा नारळ आणि चंद्रभागाताईंची बाटली तिने दोनदा वाचायला लावली.

मग मी थोरल्या काकूला फोन केला आणि हेरवाडचं सांगितलं. ती म्हणाली, आपल्याकडे ग्रामसभेत बायका मागे बसतात, विषय कोण काढणार? मी म्हटलं, आधी सह्या घेऊ, दुपारी, घरोघर. आत्या येईन म्हणाली. आक्कांना लिहिता येत नाही, त्यांनी विचारलंय की अंगठा चालतो का.

पंचगंगा, तुमच्या माहेरच्या ठरावाची प्रत मिळाली तर पाठवाल का? शब्द कसे घालायचे ते आम्हाला बघायचं आहे. पंधरवड्यात मी गावी जातेय, येताना आईसाठी तुळशीबागेतून हिरव्या बांगड्या न्यायच्या आहेत. तिने माप सांगितलं आहे, दोन-चार. आधी दोन-सहा लागायच्या.